जमिनीचा एजंट निवडताना त्याचा कोणता कागद पाहावा?

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयाच्या फाटकासमोर एक जुने निंबाचे झाड आहे. त्याच्या सावलीत अर्जनवीसांची टेबले, मुद्रांक विक्रेत्याची टपरी आणि झेरॉक्सचे दुकान दाटीवाटीने बसलेले आहे. गेल्या उन्हाळ्यात मेहुण्यासाठी प्लॉट पाहायला म्हणून आम्ही दोघे तेथे गेलो, तेव्हा चहा संपायच्या आत एका गृहस्थांनी आमच्या हातात आपले कार्ड ठेवले. कार्डावर तीन मोबाइल क्रमांक, 'एनएटीपी लेआउट, शेती, फार्महाऊस, लोनची सोय' एवढा मजकूर आणि खालच्या कोपऱ्यात 'महारेरा नोंदणीकृत' असे लिहून पुढे 'ए' या अक्षराने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक होता. मेहुण्याने तो क्रमांक तेथेच मोबाइलवर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकून पाहिला. क्रमांक खरा निघाला, परंतु तो नागपूरच्या दुसऱ्याच व्यक्तीच्या नावावर होता आणि त्याची मुदत आदल्या वर्षीच संपलेली होती. हे दाखवल्यावर गृहस्थ जराही विचलित झाले नाहीत. "भाऊ, तो आपलाच माणूस आहे. त्याचा नंबर न् माझा नंबर एकच समजा," असे ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून आम्हाला लेआउट दाखवायला निघाले.

त्या दिवशी आम्ही त्यांच्यामागे गेलो नाही. मात्र तेव्हापासून गावातील बरेच जण मला विचारतात की, एजंटजवळ नेमके कोणते प्रमाणपत्र असावे लागते आणि ते खरे की खोटे हे कसे ओळखायचे. याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आपण लेआउटमधील प्लॉट घेत आहोत, गावठाणातील घर घेत आहोत की वावर, म्हणजे शेतजमीन, घेत आहोत, यावर ते अवलंबून आहे. प्लॉटच्या एजंटसाठी कायदा आहे, नोंदणी आहे आणि परीक्षासुद्धा आहे. वावराच्या दलालासाठी यांपैकी काहीही नाही. हा फरक ज्याला ठाऊक नसतो, त्याला एका व्यवहाराचे प्रमाणपत्र दाखवून दुसरा व्यवहार विकला जातो, आणि आमच्या भागातील बहुतेक फसवणुकींचे मूळ मला तरी येथेच दिसते.

प्लॉटचा एजंट: नोंदणी आणि परीक्षा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा आपण सर्वजण 'रेरा' या नावाने ओळखतो. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण स्थापन झाले. या कायद्यात एजंटची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. एखाद्या प्रकल्पातील प्लॉट, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीसाठी एका पक्षाच्या वतीने बोलणी करणारा, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल मोबदला घेणारा माणूस स्वतःला दलाल म्हणवो, मध्यस्थ म्हणवो की सल्लागार, कायद्याच्या दृष्टीने तो एजंटच असतो. अशा माणसाला महारेराकडे नोंदणी केल्याशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातील एकही प्लॉट विकून देता येत नाही, आणि ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण जो नोंदलेला नाही, त्यातील प्लॉट तर नोंदणी असलेल्या एजंटनेही विकून द्यायचा नसतो. नोंदणीविना काम करणाऱ्याला दररोज १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे आणि तो दंड संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

नोंदणी ५ वर्षांसाठी असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनुसार व्यक्तीसाठी तिचे शुल्क १०,००० रुपये आणि कंपनी, भागीदारी किंवा अन्य संस्थेसाठी १ लाख रुपये ठरवण्यात आले. शुल्कातील हा फरक लक्षात घेतला की निंबाखालच्या गृहस्थांचे म्हणणे काय होते ते उलगडते. एक जण दहा हजार भरून स्वतःच्या नावाने नोंदणी करतो आणि मग पाच-सहा गावांतील ओळखीचे लोक तोच क्रमांक आपापल्या कार्डावर छापतात. नोंदणी ज्या नावावर असते त्या नावापुरतीच ती चालते. ती भाड्याने, उसनवारीने किंवा मैत्रीखातर वापरता येत नाही. आपल्याजवळ नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचे भासवणे हीच मुळी कायद्याने अनुचित प्रथा मानली आहे. त्यामुळे क्रमांक पाहताना तीन गोष्टी जुळवून घ्याव्यात: संकेतस्थळावरील नाव आणि समोरच्या माणसाच्या आधार कार्डावरील नाव एकच आहे का, मुदत शिल्लक आहे का, आणि नोंदणी रद्द किंवा स्थगित तर झालेली नाही ना. एजंट एखाद्या नोंदणीकृत संस्थेत नोकरीला असेल, तर तसे संस्थेच्या लेटरहेडवर लिहून मागण्यात काहीच गैर नाही.

नोंदणीच्या पुढची पायरी २०२३ मध्ये आली. तोपर्यंत दहा हजार रुपये आणि कागदपत्रे एवढ्यावर कोणीही एजंट होऊ शकत असे. महारेराने त्या वर्षी जानेवारीत आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. किमान २० तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, त्यानंतर बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेमार्फत होणारी परीक्षा उत्तीर्ण व्हायची आणि मग सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचे, अशी ती पद्धत आहे. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. आधीपासून नोंदणी असलेल्या एजंटांना १ जानेवारी २०२४ पर्यंत सवलत देण्यात आली आणि ती संपल्यावरही ज्यांनी प्रमाणपत्र संकेतस्थळावर चढवले नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. म्हणून आज प्लॉटच्या एजंटकडे नोंदणी प्रमाणपत्र आणि सक्षमता प्रमाणपत्र अशी दोन्ही मागावीत. जुने नोंदणी प्रमाणपत्र लॅमिनेशन करून भिंतीवर लावलेले असते, पण सक्षमता प्रमाणपत्राची आठवण करून दिली की 'ते प्रोसेसमध्ये आहे' असे उत्तर येते. त्या उत्तराचा अर्थ सध्या त्याच्याजवळ ते नाही, एवढाच घ्यावा.

वीस तासांत माणूस जमिनीचा जाणकार होतो असे मी म्हणणार नाही. मेळघाटातल्या आणि पुण्यातल्या एजंटला एकच अभ्यासक्रम शिकवला जातो. तरीही करार म्हणजे काय, प्रकल्पाची माहिती कोठे पाहायची आणि ग्राहकाला कोणते कागद द्यायचे, एवढे तरी त्याच्या कानावरून गेलेले असते.

एजंटच्या क्रमांकाइतकाच प्रकल्पाचा क्रमांक

एजंट नोंदणीकृत असला म्हणजे लेआउट नोंदणीकृत असतो, असा एक समज आहे आणि तो फार महाग पडतो. हे दोन क्रमांक वेगळे असतात. एजंटचा 'ए' ने आणि प्रकल्पाचा 'पी' ने सुरू होतो. नियोजन क्षेत्रातील ज्या लेआउटचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आहे, त्याची नोंदणी केल्याशिवाय त्यातील प्लॉटची जाहिरातसुद्धा करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक आहे, म्हणजे चौकातील फ्लेक्सवरचा कोड मोबाइलने टिपला की प्रकल्पाचे पान उघडले पाहिजे. फ्लेक्सवर कमळाचे तळे, धावणारी मुले आणि विमान आहे, पण कोड नाही, असे असेल तर बाकीचे चित्र पाहण्यात वेळ घालवू नये.

'हे खेड्यात आहे, इथे रेरा लागत नाही' हे वाक्य समृद्धी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः इंटरचेंजच्या जवळ, हमखास ऐकू येते. महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला आणि 'समृद्धी टच' या दोन शब्दांवर वर्ध्यापासून बुलढाण्यापर्यंत वावरांचे प्लॉट पाडले जाऊ लागले. कायद्यातील 'नियोजन क्षेत्र' या शब्दात केवळ शहर येत नाही. नगरपरिषदेची हद्द, महानगर प्राधिकरणाची हद्द आणि मंजूर प्रादेशिक योजनेखालील गावे यांचाही तेथे विचार करावा लागतो. त्यामुळे रेरा लागत नाही असे एजंटचे ठाम मत असेल, तर ते त्याने नगररचना कार्यालयाकडून लेखी आणून द्यावे, असे नम्रपणे सांगावे.

नागपूरच्या आसपास आणखी दोन शब्द सतत कानी पडतात: 'एनएटीपी' आणि 'आरएल'. पहिल्याचा अर्थ, जमिनीला अकृषक परवानगी आहे आणि लेआउटचा नकाशा नगररचना विभागाने मंजूर केलेला आहे. दुसऱ्याचा अर्थ रिलीज लेटर, म्हणजे लेआउटमधील रस्ते, नाल्या वगैरे कामे झाल्यावर प्राधिकरणाने प्लॉट विक्रीसाठी मोकळे केल्याचे पत्र. हे पत्र सर्व प्लॉटना एकदम मिळेलच असे नाही. चांगला एजंट लेआउटचे पत्र दाखवून थांबत नाही. आपण घेत असलेल्या प्लॉटचा क्रमांक त्या पत्रात बोटाने दाखवतो. मंजूर नकाशात ज्याला खुली जागा किंवा सार्वजनिक उपयोगाची जागा म्हटले आहे, तेथेच खुंट्या ठोकून प्लॉट विकल्याची उदाहरणे आमच्या तालुक्यात लोकांना तोंडपाठ आहेत.

पैशांबाबतही कायद्याने रेघ आखलेली आहे. विक्रीचा करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. म्हणून प्लॉटच्या किमतीचा धनादेश एजंटच्या नावाने कधीही काढू नये. 'बुकिंगला अर्धे द्या, बाकीचे रजिस्ट्रीला' असे जो म्हणतो, त्याच्याजवळ दोन्ही प्रमाणपत्रे असली तरी त्याला हा नियम ठाऊक नाही किंवा तो आपल्याला ठाऊक नसावा अशी त्याची इच्छा आहे.

भिंतीवरच्या इतर कागदांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एजंटांच्या संघटनेचे किंवा व्यापारी मंडळाचे सदस्यत्व ऐच्छिक असते. ते असले तर उत्तम, पण तो परवाना नव्हे. दुकानाचा 'गुमास्ता', जीएसटी क्रमांक आणि उद्यम प्रमाणपत्र हे धंदा चालू असल्याचे सांगतात, धंदा कसा चालतो ते सांगत नाहीत. अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेता यांच्याजवळ आपापले परवाने असतात. त्या परवान्यांवर प्लॉटची दलाली करता येत नाही. मालमत्तेचे मूल्यांकन करणारा नोंदणीकृत मूल्यांककही वेगळा आणि मालकी हक्क तपासून सर्च रिपोर्ट देणारा वकील तर सर्वस्वी वेगळा. एजंटनेच 'आमचा वकील आहे' म्हणून पुढे केलेल्या वकिलाऐवजी आपण शोधलेल्या वकिलाकडून गेल्या ३० वर्षांचा सर्च करून घ्यावा.

वावराच्या दलालाला परवाना नसतो

आता खरा अवघड भाग. शेतजमीन ही रेराच्या अर्थाने प्रकल्प नाही, त्यामुळे शेतीची दलाली करणाऱ्याला महाराष्ट्रात कोणतीही नोंदणी लागत नाही. शेती विकताना महारेराचा क्रमांक दाखवणारा एजंट खोटे बोलत असतो असे नाही, परंतु तो क्रमांक त्या व्यवहारात निरुपयोगी असतो. शेतीचा सौदा फिसकटला तर महारेरा दाद घेणार नाही. गावठाणातील जुन्या घराच्या व्यवहारालाही बहुधा हेच लागू होते. तेथे एजंट ग्रामपंचायतीचा नमुना ८ मालकीचा पुरावा म्हणून पुढे करतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, आणि स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी होऊन आखीव पत्रिका तयार झाली असेल तर आधी ती मागावी.

परवाना नाही म्हटल्यावर दलालाची पात्रता त्याच्या ज्ञानावरून आणि त्याच्या अधिकारावरून ठरवावी लागते. ज्ञान तपासणे त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत कोणालाही काढता येतो. तो समोर ठेवावा आणि दलालाला वाचायला सांगावे. जो दलाल क्षेत्र आणि मालकाचे नाव वाचून कागद परत देतो, त्याने अर्धाच सातबारा वाचलेला असतो. व्यवहार अडतो तो भूधारणा पद्धतीच्या रकान्यात आणि 'इतर अधिकार' या रकान्यात.

भोगवटादार वर्ग १ असेल तर मालकाला जमीन सामान्यतः मोकळेपणाने विकता येते. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, लागतो. विकणारा आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार बिगर आदिवासीला विक्री करण्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली मंजुरी लागते. ती नसेल तर पुढे जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते आणि दिलेले पैसे वसूल करण्यात आयुष्य जाते. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळचा मोठा भाग येथे हा प्रश्न पहिलाच असायला हवा. 'मंजुरी नंतर काढू, आधी इसार करून घ्या' म्हणत आगाऊ रक्कम मागणारा दलाल तेथेच सोडावा.

विदर्भाच्या जमिनीचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राहून वेगळा आहे आणि तो कागदावर उतरलेला आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या बाजूला १९५१ पर्यंत मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, होती. तिचे तलाव, चराईच्या जागा आणि वहिवाटीचे रस्ते आजही निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांच्या नोंदीत, सापडतात. जमिनीच्या कडेने जाणारी पांदण कोणाची, हे दलालाने 'इथून सगळेच जातात' एवढ्यावर सांगू नये. निस्तार पत्रक किंवा गावनकाशा दाखवून सांगावे. याच पूर्व विदर्भात महसुली अभिलेखात 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या हजारो हेक्टर जमिनी आहेत आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनी समजल्या जातील असा निर्णय दिला. हा शब्द जुन्या नोंदीत कोठेही दिसला तर दलालाच्या आश्वासनावर पुढे जाऊ नये. पवनारच्या परिसरापासून पुढे अनेक गावांत भूदानात मिळालेल्या जमिनी आहेत. त्या कसण्यासाठी दिलेल्या आहेत आणि बाजारातल्या इतर जमिनींसारख्या विकता येत नाहीत.

घेणारा शेतकरी आहे का, हा प्रश्नही दलालाने आपल्याला विचारायला हवा. पुण्या-मुंबईची माहिती वाचून आलेले लोक कूळ कायद्याचे कलम ६३ सांगतात. विदर्भाला मात्र १९५८ चा स्वतंत्र कूळवहिवाट कायदा लागू आहे आणि बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणारी तरतूद त्यात कलम ८९ मध्ये आहे. कलमाचा क्रमांक पाठ असणे ही काही फार मोठी विद्वत्ता नव्हे. तरीही मी अलीकडे हा प्रश्न मुद्दाम विचारतो, कारण जो माणूस तीस वर्षे याच मातीत दलाली केल्याचे सांगतो, त्याच्या कानावरून ८९ हा आकडा एकदाही गेलेला नसेल, तर त्याच्या तीस वर्षांबद्दल शंका घ्यायला जागा राहते.

अधिकार तपासणे हे याहून नाजूक काम आहे, कारण ते विचारताना माणसे दुखावतात. दलालाला जमीन विकायला कोणी सांगितले? मोठ्या भावाने सांगितले असेल, पण सातबाऱ्यावर चार भाऊ असतील आणि बहिणींची नावे वारसात आलीच नसतील. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, त्यामुळे बहिणींचे हक्कसोडपत्र झाले का किंवा त्या विक्रीपत्रावर सही करणार का, हे इसाराच्या आधी कळले पाहिजे. पटवाऱ्याकडील फेरफार पाहिल्याशिवाय ते कळत नाही (पटवारी आता अधिकृतपणे ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, पण गावात हाक पटवारी म्हणूनच मारतात). दलाल स्वतःच्या नावाचे आममुखत्यारपत्र दाखवून 'मीच सही करतो' म्हणत असेल तर मूळ मालकाला भेटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. मुखत्यारपत्रावर केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलेले आहे. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या विक्रीपत्रानेच.

दलाली किती आणि कोणाकडून

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. आमच्याकडे दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के देण्याची प्रथा आहे आणि त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते 'नेट रेट' या पद्धतीत. दलाल शेतकऱ्याकडे जातो आणि म्हणतो, "काकाजी, तुम्हाला हातात एकरी चौदा लाख पायजे ना? वरचं माझं." मग तो घेणाऱ्याला एकरी साडेसोळा लाखांचा भाव सांगतो. चार एकरांचा सौदा असेल तर मधले १० लाख रुपये दलालाचे होतात. त्याच ६६ लाखांच्या व्यवहारावर दोन टक्के दलाली १ लाख ३२ हजार झाली असती. शिवाय हा दलाल मालकाची आणि आपली भेट होऊ देत नाही, कारण भेट झाली की भाव उघडा पडतो. मालक आजारी आहे, मालक मुलाकडे गेला आहे, मालक फार तऱ्हेवाईक आहे, अशी कारणे एकामागून एक येऊ लागली की 'नेट रेट' चालू आहे असे खुशाल समजावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे एजंटने ज्याच्यासाठी काम केले त्याला हिशेब द्यायचा असतो आणि त्याच्या नकळत स्वतःच्या खात्यावर साधलेला नफा मागण्याचा अधिकार त्या माणसाला असतो. पण हे न्यायालयात सिद्ध करायला काहीतरी लिहिलेले हवे.

म्हणून शेतीच्या दलालाकडून मी एका कागदाचा आग्रह धरतो, आणि परवान्याच्या अभावी तोच माझ्या लेखी त्याचा परवाना आहे. साध्या कागदावर चार ओळी: मौजा, गट क्रमांक आणि आराजी (क्षेत्र), मी कोणाच्या वतीने काम करत आहे, दलाली किती टक्के आणि ती कधी देय होईल, आणि मालकाशी ठरलेला भाव हाच खरा भाव आहे. खाली दलालाचे नाव, पॅन क्रमांक आणि सही. जो खरोखर दोन टक्क्यांवर काम करतो तो यावर सही करायला फार तर मिनिटभर कुरकुरतो. ज्याचा हिशेब वेगळा असतो, तो 'आपल्यात कागद कशाला, शब्दावर चालतो आपला धंदा' असे म्हणतो. दलालीही रोखीने न देता धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी आणि पावती घ्यावी. इसारसुद्धा २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे; दंड घेणाऱ्याला होतो हे खरे, पण देणाऱ्याजवळही मग पुरावा उरत नाही.

इसारचिठ्ठीच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्यावी आणि दलालाला घेऊन चारही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, चालून यावे. धुरेकऱ्यांशी दोन शब्द बोलावेत. वाद असला तर तो तिसऱ्या धुऱ्यापर्यंत कळतोच, आणि दलालाचे गावातले नाव कसे आहे तेही कळते.

बिनसलेच तर

नोंदणीकृत प्रकल्पातील एजंटने खोटी माहिती दिली, कागद दिले नाहीत किंवा नोंदणीविनाच व्यवहार केला, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिचे शुल्क ५,००० रुपये आहे आणि महारेराचे कार्यालय नागपुरातही आहे. फसवणूक सिद्ध झाली तर प्राधिकरण एजंटची नोंदणी रद्द करू शकते. शेतीच्या दलालाविरुद्ध मात्र मार्ग लांबचे आहेत. दलाली देऊन सेवा घेतली असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, पैशांसाठी दिवाणी न्यायालय, आणि सरळसरळ फसवणूक असेल तर पोलीस ठाणे. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: दलाली दिल्याची पावती आहे का?

माझ्या मेहुण्याने शेवटी वर्ध्याच्या एका बाई एजंटच्या मार्फत प्लॉट घेतला. त्यांच्या फाइलमध्ये वरच्या दोन पानांवर त्यांची नोंदणी आणि सक्षमता प्रमाणपत्र होते, तिसऱ्या पानावर प्रकल्पाची नोंदणी आणि त्यानंतर मंजूर नकाशा. आम्हाला आवडलेला कोपऱ्याचा प्लॉट त्यांनी स्वतःहून नाकारला, कारण त्या क्रमांकाचे रिलीज लेटर अजून आलेले नव्हते. निंबाखालचे गृहस्थ अजून तेथेच असतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला नवीन कार्ड दिले. त्यावरून एनएटीपी लेआउट गेले आहेत, महारेराचा क्रमांकही गेला आहे, आणि मोठ्या अक्षरांत आता एवढेच आहे: 'शेतीचे खात्रीशीर व्यवहार'.